बिब्बा, ब्राह्मी आणि मधुमेह : स्मरणशक्तीच्या औषधांचा ऐतिहासिक मागोवा

साखरेच्या आजाराने आता घरोघर ठाण मांडले आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे आपल्या देशात १० कोटींहून अधिक माणसे मधुमेही आहेत. या आजाराने दृष्टी जाते, मूत्रपिंडे निकामी होतात, पायाची लहानशी जखम महिनोन् महिने चिघळते, हे सामान्य माणसालाही आता ठाऊक झाले आहे. परंतु हाच आजार माणसाच्या स्मरणशक्तीवरही हळूहळू घाला घालतो, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. घरातील वडीलधारी व्यक्ती चष्मा कुठे ठेवला ते विसरू लागली, तेच तेच पुन्हा विचारू लागली, की “वय झाले” म्हणून आपण विषय संपवितो. नाहीतर कोणी सांगितले म्हणून बाजारातून ब्राह्मीचे चूर्ण किंवा माजूनची बरणी घेऊन येतो.

मी वैद्य नव्हे, हकीमही नव्हे. शाळेत इतिहास शिकविणारा शिक्षक आहे. तेव्हा या लेखात कोणाला औषध सांगण्याचा अधिकार मी घेत नाही. मात्र स्मरणशक्तीसाठी दिल्या जाणाऱ्या वनस्पती आल्या कोठून, त्या कोणासाठी होत्या आणि मधुमेहाशी त्यांची गाठ केव्हा पडली, हा प्रश्न निखळ इतिहासाचा आहे. आणि हा इतिहास नीट समजला तर घरात एखादी चूक होण्याचे टळेल, असे मला वाटते.

प्राचीनांचे मधुमेहज्ञान

मधुमेह हा काही आजकालचा रोग नव्हे. चरक आणि सुश्रुत या दोन्ही संहितांत प्रमेहाचे सविस्तर वर्णन आहे. रुग्णाच्या मूत्राकडे मुंग्या धावतात, ही खूण चरकसंहितेत नोंदलेली आहे. सुश्रुताने तर प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले : एक जन्मजात, आणि दुसरा अपथ्यामुळे जडणारा. पहिल्यातला रोगी कृश, दुसऱ्यातला बहुधा स्थूल. आजचे डॉक्टर ज्याला टाइप वन आणि टाइप टू म्हणतात, त्याच्याशी हे वर्गीकरण किती जवळचे आहे, हे सुज्ञ वाचकांच्या लक्षात येईलच. रोग जडण्यापूर्वीची लक्षणे म्हणून आळस, सुस्ती आणि झोपाळूपणा यांचाही उल्लेख त्या ग्रंथांत आहे.

उपचारांत आहार आणि श्रम यांना मोठे स्थान होते. जुन्या तांदळापेक्षा जवाचे अन्न अधिक चांगले मानले जाई. निर्धन रोग्याने अनवाणी शंभर योजने चालत जावे किंवा विहीर खणावी, असा सल्ला सुश्रुताने दिला आहे. वाचून हसू येते खरे, पण त्यातले मर्म आजही खोटे ठरलेले नाही. वनस्पतींपैकी आवळा आणि हळद या जोडीला वाग्भटाने प्रमेहावर अग्रस्थान दिले.

अरब आणि इराणी वैद्यांनी या आजाराला ग्रीकांकडून आलेले ‘झियाबेतुस’ हे नाव दिले. इब्न सीना (मृत्यू १०३७) याने आपल्या ‘अल्-कानून’मध्ये त्याचे वर्णन केले. बगदादचा अब्दुल लतीफ (मृत्यू १२३१) याने तर केवळ या एकाच रोगावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. पुढे १७७६ साली इंग्लंडमधील लिव्हरपूलचे डॉक्टर मॅथ्यू डॉब्सन यांनी रुग्णाचे मूत्र आटवून त्यातली साखर प्रत्यक्ष दाखविली. मुंग्यांनी जे सांगितले होते त्याला प्रयोगशाळेची साक्ष मिळायला इतका काळ जावा लागला.

मेधेची औषधे कोणासाठी ?

स्मरणशक्तीच्या औषधांचा इतिहासही तितकाच जुना आहे, पण त्याची वाट वेगळी आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात चार ‘मेध्य रसायने’ सांगितली आहेत : मंडूकपर्णीचा रस, दुधातून ज्येष्ठमधाचे चूर्ण, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क. ब्राह्मीचे तूपही प्रसिद्ध आहे. ही औषधे कोणत्या काळातली, याचा विचार केला पाहिजे. तेव्हा छापखाना नव्हता, पुस्तके दुर्मिळ होती. जे शिकायचे ते पाठ करायचे, आणि पाठ केले ते मरेपर्यंत टिकवायचे. स्मरणशक्ती हेच विद्वानाचे ग्रंथालय होते. म्हणून ‘मेधा’ वाढविणारी ही औषधे आजाऱ्याइतकीच, किंबहुना त्याहूनही अधिक, निरोगी माणसासाठी आणि विद्यार्थ्यासाठी होती.

अरबी जगातही हीच स्थिती होती. कुराणशरीफ मुखोद्गत करणारे हाफिज, हजारो हदीस सनदीसह लक्षात ठेवणारे मुहद्दिस, यांच्या समाजात ‘हाफिजा’ म्हणजे स्मरणशक्ती हा चिंतेचा आणि अभिमानाचाही विषय होता. ट्युनिशियातील कैरवानचा वैद्य इब्न अल्-जज्जार याने दहाव्या शतकात ‘निस्यान’ म्हणजे विस्मरण आणि त्याचे उपचार यांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. पुढे त्याचे लॅटिनमध्ये भाषांतर झाले आणि युरोपातील वैद्यांनी ते वाचले. बुऱ्हानुद्दीन जर्नूजी याचे ‘तालीमुल मुतअल्लिम’ हे विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले पुस्तक मदरशांतून शतकानुशतके शिकविले गेले. त्यातही स्मरणशक्तीसाठी मध, साखरेसह कुंदुर नावाचा सुगंधी डिंक आणि उपाशीपोटी २१ मनुका यांची शिफारस आहे. ही मनुकांची गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिच्याकडे आपल्याला पुढे वळायचे आहे.

बगदादमधील गाठभेट

भारतीय आणि अरबी वैद्यकाची गाठ बगदादमध्ये पडली. खलीफा हारून अल्-रशीदचा वजीर यह्या बर्मकी याला भारतीय विद्येचे मोठे आकर्षण होते. त्याच्या आज्ञेवरून मंका नावाच्या भारतीय वैद्याने सुश्रुतसंहिता अरबी भाषेत समजावून दिली, असे इब्न नदीमने दहाव्या शतकातील आपल्या ग्रंथसूचीत नोंदले आहे. चरकसंहिता आधी फारसीत आणि तिथून अरबीत गेली. ८५० च्या सुमारास अली इब्न रब्बन तबरी याने ‘फिर्दौसुल हिकमा’ हा ग्रंथ पूर्ण केला. त्याचा शेवटचा भाग त्याने भारतीय वैद्यकाला दिला आणि चरक-सुश्रुतांची नावे आदराने घेतली.

या देवाणघेवाणीची खूण शब्दांतही उरली आहे. युनानी दवाखान्यात ‘इत्रीफल’ म्हणून जे औषध मिळते, ते नाव म्हणजे आपला ‘त्रिफळा’ शब्दच. हिरडा, बेहडा आणि आवळा यांचे हे मिश्रण भारतातून अरबस्तानात गेले, तिथे त्यात मध पडला, आणि नवे नाव घेऊन ते हकिमांच्या हातून पुन्हा दिल्ली-हैदराबादला परत आले. ‘इत्रीफल उस्तुखुद्दूस’ हे त्यातलेच एक मेंदूसाठीचे औषध. उस्तुखुद्दूस या वनस्पतीला हकीम लोक ‘जारूब-ए-दिमाग’, म्हणजे मेंदूची केरसुणी म्हणतात.

बिब्ब्याची कथा

परंतु या सर्वांत विलक्षण कहाणी आहे ती आपल्या बिब्ब्याची. बिब्बा महाराष्ट्रातल्या माणसाला नवा नाही. रानात त्याची झाडे आहेत, धोबी त्याच्या रसाने कपड्यांवर खुणा करीत, आणि कामात मोडता घालणाऱ्याला आपण “त्याने बिब्बा घातला” असे म्हणतो. संस्कृतात याला भल्लातक म्हणतात. अरबीत त्याचे ‘बलाधुर’ झाले, आणि स्मरणशक्ती वाढविणारे औषध म्हणून त्याची ख्याती पसरली. अधिक पाठांतर व्हावे म्हणून विद्येचे इच्छुक लोक बलाधुर घेत.

आणि इथेच एक दुःखद गोष्ट सांगितली जाते. नवव्या शतकातील थोर इतिहासकार अहमद इब्न यह्या अल्-बलाधुरी हा ‘फुतूहुल बुल्दान’ या ग्रंथाचा कर्ता. सिंधच्या इतिहासासाठी हा ग्रंथ अपरिहार्य आहे, आणि आपल्या ठाण्यावर अरबांनी पाठविलेल्या सातव्या शतकातील स्वारीचा उल्लेखही त्यातच आहे. परंपरा अशी सांगते, की बलाधुर नकळत अधिक पोटात गेल्यामुळे आयुष्याच्या अखेरीस त्याची बुद्धी भ्रष्ट झाली, आणि ‘बलाधुरी’ हे नाव त्यावरूनच पडले. काहींच्या मते ही हकीकत त्याची नसून त्याच्या आजोबांची आहे. इसवी सन ८९२ च्या सुमारास तो मरण पावला. हकीकत नातवाची असो वा आजोबांची, तिच्यातून त्या काळच्या लोकांचा अनुभव बोलतो : ज्या औषधाने आठवण वाढावी, त्याच औषधाने ती कायमची जाऊही शकते.

वैद्यांना हे माहीत नव्हते असे नाही. चरकाने बिब्ब्याला अग्नीची उपमा दिली आहे, आणि तो विधीप्रमाणे, हळूहळू चढत्या मात्रेने द्यावा असे बजावले आहे. त्याच्या तेलातील द्रव्यांनी कातडीवर फोड उठतात, हे आपण आजही पाहतो. आयुर्वेदात आणि युनानीत त्याची आधी शुद्धी करतात ती यासाठीच. म्हणजे “वनस्पतीचे औषध, त्याने काय अपाय होणार ?” हे वाक्य जुन्या वैद्यांच्या तोंडचे नव्हे. ते अलीकडच्या जाहिरातीतले आहे.

हेच फळ पुढे पोर्तुगीजांच्या नजरेत भरले. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी त्याची ये-जा होती, आणि तिथल्या हकिमांशी त्याच्या चर्चा होत. १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याने या फळाची नावे दिली : अरबांचे ‘बलादोर’ आणि इथल्या लोकांचे ‘बिबो’. आपल्या मराठी-कोंकणी मुलखातला शब्द साडेचारशे वर्षांपूर्वी अशा रीतीने छापला गेला.

त्याआधी १५१२ साली सिकंदर लोदीचा वजीर मियाँ भुवा याने संस्कृत ग्रंथांच्या आधारे ‘मादनुश्शिफा’ हा फारसी वैद्यकग्रंथ सिद्ध केला होता. दक्षिणेचा इतिहास लिहिणारा मुहम्मद कासिम फरिश्ता हा अहमदनगरात वाढला आणि पुढे विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या आश्रयास राहिला. त्याने भारतीय औषधींवर ‘दस्तूरुल अतिब्बा’ हे पुस्तक लिहिले. तेव्हा आपल्याकडे वैद्य आणि हकीम यांच्यामध्ये भिंत नव्हती. एकाच अत्ताराच्या दुकानातून दोघांचीही औषधे जात.

दोन फळ्या, दोन औषधे

आता मनुकांच्या गोष्टीकडे वळू. स्मरणशक्तीची जुनी औषधे ज्या रूपात आपल्या घरी आली ती रूपे पाहा : माजून, खमीरा, मुरंबा, अवलेह, सरबत. यांतल्या बहुतेकांचा पाया साखर किंवा मध हाच आहे. यामागे कारण होते. साखरेच्या आणि मधाच्या पाकात वनस्पती वर्षभर टिकते, कडू औषध गोड लागते आणि अशक्त माणसाला थोडी शक्तीही येते. निरोगी विद्यार्थ्याला त्याने अपाय होण्याचे कारण नव्हते.

उलट झियाबेतुसच्या रोग्याला हकीम बहुधा कुर्स, म्हणजे गोळी, नाहीतर सफूफ, म्हणजे कोरडे चूर्ण देत. म्हणजे एकाच दुकानात साखरेच्या आजाराची औषधे एका फळीवर आणि विस्मरणाची औषधे दुसऱ्या फळीवर होती. ज्याला दोन्ही आजार आहेत, अशा माणसासाठी तिसरी फळी नव्हती. कारण या दोन आजारांचा परस्परांशी संबंध आहे, हेच तेव्हा प्रस्थापित झालेले नव्हते. आज आपण मधुमेही वडिलांना “डोक्याला चांगले” म्हणून खमिऱ्याचे दोन चमचे देतो, तेव्हा दुसऱ्या फळीवरचे औषध पहिल्या फळीवरच्या रोग्याला देत असतो. डब्यावर साखरेचे प्रमाण किती आहे, हे आपल्यापैकी किती जण वाचतात ?

संबंध केव्हा उलगडला ?

१९२१ साली कॅनडातील टोरंटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे केले. ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला ते प्रथम टोचण्यात आले. तोवर असा मुलगा फार दिवस जगत नसे. त्याच १९२२ साली अमेरिकेत माइल्स आणि रूट या दोन संशोधकांनी मधुमेही रुग्णांच्या बुद्धीच्या चाचण्या प्रसिद्ध केल्या. त्यांत या रुग्णांची स्मृती आणि अवधान निरोगी माणसांपेक्षा कमी आढळले. ज्या वर्षी मधुमेही माणसाला दीर्घायुष्याची आशा लाभली, त्याच वर्षी त्याच्या स्मरणशक्तीचा प्रश्नही नोंदला गेला, हा एक योगायोगच म्हणायचा.

पुढे माणसे मधुमेहासह तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षे जगू लागली, तेव्हा या प्रश्नाचे खरे रूप दिसले. नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे ६ हजारांहून अधिक वृद्धांची वर्षानुवर्षे पाहणी झाली. तिचे १९९९ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे, की मधुमेही व्यक्तींत स्मृतिभ्रंश होण्याचा धोका जवळजवळ दुप्पट असतो. याची कारणे अनेक आहेत. रक्तातील साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की मेंदूतील बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. रक्तदाब त्यात भर घालतो. इन्सुलिनचे कार्य मेंदूतही असते, ते बिघडते. आणि औषध अधिक झाले किंवा जेवण चुकले तर साखर एकदम उतरते. मेंदूचे पोषण मुख्यतः साखरेवरच चालते, त्यामुळे असे तीव्र झटके वारंवार आले तर वृद्धांच्या मेंदूला त्याची झळ बसते. म्हणजे साखर चढी वाईट, आणि फार उतरलेलीही वाईट.

वनस्पतीची कसोटी

यावरून वनस्पतींत काहीच नाही, असा निष्कर्ष कोणी काढू नये. मधुमेहावर आज जी गोळी जगभर सर्वाधिक दिली जाते, त्या मेटफॉर्मिनचे मूळ युरोपातील गलेगा नावाच्या एका रानटी झुडपाच्या अभ्यासात आहे. त्यातील द्रव्य तसेच घेतले तर विषारी होते. त्याच्या जातीची सुरक्षित द्रव्ये रसायनशास्त्रज्ञांनी तयार केली, आणि १९५७ साली फ्रान्समधील डॉक्टर झां स्टर्न यांनी मेटफॉर्मिनचे रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केले.

आपल्याकडेही याचे उज्ज्वल उदाहरण आहे. दिल्लीचे हकीम अजमल खान (१८६८–१९२७) यांच्या प्रयत्नाने उभ्या राहिलेल्या आयुर्वेदिक आणि युनानी तिब्बिया कॉलेजचे उद्घाटन १९२१ साली महात्मा गांधींच्या हस्ते झाले. आपली विद्या थोर आहे असे नुसते म्हणत न बसता ती आधुनिक रसायनशास्त्राच्या कसोटीवर घासून पाहावी, असे हकीमसाहेबांचे मत होते. त्यासाठी त्यांनी जर्मनीत शिकून आलेल्या सलीमुज्जमान सिद्दीकी या तरुण शास्त्रज्ञाला पाचारण केले. सिद्दीकींनी १९३१ साली सर्पगंधेच्या मुळीतून एक द्रव्य वेगळे केले आणि हकीमसाहेबांच्या स्मरणार्थ त्याला ‘अजमलिन’ हे नाव दिले. पुढे १९४९ साली मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा रक्तदाबावर गुणकारी असल्याचे आपल्या रुग्णांच्या नोंदींसह जगापुढे मांडले. त्यांनी सर्पगंधेची भलामण केली नाही, मोजमाप केले. म्हणूनच जगाने ऐकले.

ब्राह्मीबाबतही हे काम सुरू झालेले आहे. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने १९६० च्या दशकात तिच्यातील ‘बॅकोसाइड’ ही द्रव्ये वेगळी केली. पुढे ऑस्ट्रेलियात २००१ आणि २००२ साली निरोगी प्रौढांवर झालेल्या चाचण्यांत, सुमारे तीन महिने नियमित घेतल्यावर, शिकणे आणि लक्षात ठेवणे यांत काहीशी सुधारणा आढळली. काहींना पोटाचा त्रासही झाला. हे निकाल आशादायक आहेत, पण ते निरोगी माणसांचे आहेत. मधुमेहामुळे स्मृती क्षीण झालेल्या रुग्णाला ब्राह्मीने किंवा दुसऱ्या कोणत्याही वनस्पतीने ती परत मिळते, असे अद्याप सिद्ध झालेले नाही. त्या बाबतीत बरेचसे प्रयोग उंदरांवर झालेले आहेत. गिंको या परदेशी वनस्पतीचाही मोठा गाजावाजा होता. अमेरिकेत ७५ वर्षांवरील ३ हजारांहून अधिक वृद्धांना ती अनेक वर्षे देऊन पाहण्यात आली, आणि २००८ साली निकाल जाहीर झाला : स्मृतिभ्रंश टाळण्यास तिचा उपयोग झाला नाही.

शिवाय नावांचा घोटाळा आहेच. ‘ब्राह्मी’ म्हणून एके ठिकाणी पाणथळ जागेतली जलब्राह्मी मिळते, तर दुसरीकडे मंडूकपर्णी, म्हणजे आपल्याकडचा कारिवणा. शंखपुष्पीच्या नावाखाली तर किमान तीन निरनिराळ्या वनस्पती विकल्या जातात, आणि त्यांत आपली गोकर्णही आहे. चाचणी एका वनस्पतीची झाली आणि पुडीत दुसरीच असली, तर त्या चाचणीचा आपल्याला काय उपयोग ?

साखर उतरविणाऱ्या वनस्पतींविषयीही असाच विवेक हवा. गुडमारचे पान चघळले की जिभेला गोडी कळेनाशी होते. उटकमंड येथील रसायनशास्त्रज्ञ डेव्हिड हूपर यांनी १८८७ साली त्यातले द्रव्य शोधून काढले. परंतु जिभेवरची साखर नाहीशी झाली म्हणजे रक्तातलीही गेली, असे समजणे भाबडेपणाचे आहे. बिबळ्याच्या लाकडावर आयुर्विज्ञान परिषदेने चाचणी घेतली, मेथीवर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत काम झाले, आणि दोन्हींत साखर उतरल्याचे दिसले. म्हणूनच ही द्रव्ये गोळ्यांबरोबर घेताना डॉक्टरांना सांगणे अगत्याचे आहे. दोन्हींचा जोर एकत्र आला तर साखर गरजेपेक्षा खाली जाऊ शकते.

धोका कोठे आहे ?

अमेरिकेतील बॉस्टन शहराच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक औषधांची तपासणी २००४ साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी १४ औषधांत शिसे, पारा किंवा सोमल आढळले. शिसे मेंदूला बाधक आहे, हे सर्वमान्य आहे. आठवणीसाठी घेतलेल्या पुडीतून शिसे पोटात जावे, याहून मोठा दैवदुर्विलास कोणता ? बलाधुरीची कथा अशा रीतीने आपल्या काळातही घडू शकते. ‘शुद्ध वनस्पती’ म्हणून विकलेल्या मधुमेहाच्या चूर्णांत चोरून इंग्रजी औषधाची भेसळ केल्याचे प्रकारही वेळोवेळी उघडकीस आले आहेत. आपल्या देशात १९५४ च्या कायद्याने मधुमेह बरा करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना बंदी आहे. तरीही असे हस्तपत्रक हाती आले, तर ते देणारा कायदा मोडतो आहे एवढे तरी आपण ओळखावे.

आणि सर्वांत मोठा धोका म्हणजे चूर्ण सुरू करून गोळ्या किंवा इन्सुलिन बंद करणे. आमच्या ओळखीच्या एका वृद्ध गृहस्थांच्या बाबतीत असेच घडले. विस्मरणावर उपाय म्हणून घरच्यांनी मोठ्या श्रद्धेने गोड माजून सुरू केले आणि “इंग्रजी औषधे उष्ण पडतात” म्हणून गोळ्या थांबविल्या. महिनाभरात साखर इतकी चढली, की ते घरच्या माणसांनाही ओळखेनासे झाले. दवाखान्यात साखर ताब्यात आल्यावर ओळख परत आली. प्रेमात उणीव नव्हती, माहितीत होती.

घरात काय करता येईल ?

विस्मरण दिसू लागले तर प्रथम डॉक्टरांकडे जावे. साखर आणि रक्तदाब तपासावा. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांच्या शरीरात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी पडू शकते. त्यानेही स्मृती मंदावते आणि ते उपचाराने भरून काढता येते. थायरॉइडचा दोष, मनाचा उदासपणा, कमी ऐकू येणे, ही कारणेही पाहून घ्यावीत. रोजचे चालणे, पुरेशी झोप, तंबाखूचा त्याग आणि माणसांत मिसळणे यांना पर्याय नाही. वनस्पती घ्यायचीच असेल तर ती पदवीधर वैद्य किंवा हकिमांच्या सल्ल्याने, साखरविरहित रूपात, आणि चालू औषधे न सोडता घ्यावी.

विसरणाऱ्या माणसाला गोळी घेतली की नाही हेच आठवत नाही. मग कधी ती राहून जाते, तर कधी दोनदा घेतली जाते, आणि दोनदा घेतलेली गोळी अधिक घातक. इथे आपल्या विद्यार्थी-विद्यार्थिनींना मोठे काम करता येईल. आठ-दहा वर्षांचे मूलही वारांप्रमाणे खण असलेल्या डबीत गोळ्या ठेवल्या गेल्या की नाही ते पाहू शकते, आणि एका वहीत तारीख, वेळ व साखरेचा आकडा लिहू शकते. ज्या आजोबांनी आपल्याला पाढे पाठ करून घेतले, त्यांची आठवण आपण वहीत जपावी, हे काही फार मोठे ऋण फेडणे नव्हे.

चरकापासून इब्न अल्-जज्जारपर्यंत आणि मियाँ भुवापासून हकीम अजमल खानांपर्यंत ज्यांनी ही विद्या पुढे नेली, त्यांनी दुसऱ्यांचे ग्रंथ आपल्या भाषेत आणले, अनुभवाशी ताडून पाहिले, आणि जे औषध तीक्ष्ण होते त्याच्यापुढे इशाराही लिहून ठेवला. त्यांचा खरा वारसा बरणीत नाही, या सवयीत आहे. तो चालवायचा असेल तर पुडी उघडण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत : यात नेमके काय आहे, आणि माझ्या रोग्यावर हे कोणी तपासून पाहिले आहे ? उत्तर मिळाले नाही, तर ती पुडी दुकानातच राहू द्यावी.